बोटभर उंची

शिंपिणीने बिजागरीत तेल सोडलं आणि दार हळूच लोटून घेतलं. पहाटे डोंगर दुभंगला होता आणि त्याच्या कुशीतला काळपक्षी जागा झाला होता. सकाळीच दवंडी फिरली. सूर्य मावळेपर्यंत गावात कुणी आवाज करायचा नाही. शांतता मिळाली तर पक्षी पुन्हा झोपेल, चाहूल लागली तर कायमचा उडून जाईल.

तो झोपला त्याला दोनशे वर्षं झाली होती. तेव्हापासून गावात कुणाचं वय वाढलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. दृष्ट लागावी असे दिवस होते ते. आज मात्र रस्त्यावरच्या झाडांची पानं गळाली. लोक आधी कौतुकाने बघायला धावले, मग भेदरून घरात शिरले.

घरात तिघंच होती. शिंपीण, तिचे वडील आणि सहा वर्षांची लेक पिटुकली. वडील दोनशे वर्षं ब्याऐंशीचेच होते. आज सकाळपासून त्यांना धाप लागत होती. पक्षी उडाला तर बाबा चार दिवसांचेही सोबती नाहीत, हे तिला दिसत होतं.

कात्री वाजायला नको म्हणून तिने ती गादीवर ठेवली आणि नुसते टाके घालत बसली. उन्हं कलली. पिटुकली जवळ येऊन कुजबुजली, "आई, झगा आखूड झाला."

झगा कालच शिवलेला, नेहमीच्याच मापाचा. ते माप शिंपिणीच्या हातांना पाठ होतं. तिने झगा खाली ओढला, तरी गुडघा उघडाच राहिला. मग पोरीला भिंतीशी उभं करून तिने फीत लावली. एक बोट जास्त. पुन्हा लावली. तेवढंच.

'मी मोठी कधी होणार?' पिटुकली रोज विचारायची. 'उद्या,' ती रोज सांगायची.

तिने घाईघाईने फीत गुंडाळली. पण बाबांनी पाहिलं होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बाबा, बोलू नका. थोडाच वेळ राहिलाय."

"किती गं?"

तिने एक बोट वर केलं. तिचे डोळे भरून आले होते. म्हाताऱ्याने पिटुकलीला आपल्याशेजारी उभं केलं, डोक्यावरून हात फिरवला.

"मी सगळं पाहून घेतलं," तो हळूच म्हणाला. "हिने अजून काहीच पाहिलं नाही."

भिंतीचा आधार घेत तो उठला आणि खिडकीकडे निघाला. शिंपिणीने त्याची बाही धरली. घट्ट धरली. तो थांबला, बाही ओढून सोडवली नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग तिचीच बोटं सुटली.

त्याने खिडकी उघडली आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून ओरडला,

"ऐका हो, आमची पिटुकली वाढली!"

डोंगरावर पंख उघडले. एक प्रचंड सावली कौलांवरून सरकत गेली आणि आकाश रिकामं झालं. शिंपीण बाबांचा हात धरून उभी राहिली. आता सगळं गाव शिव्याशाप देत दारात येणार.

समोरची खिडकी उघडली. दोनशे वर्षं पाळणा हलवत आलेली भटारीण तान्ह्याला कडेवर घेऊन वाकली होती. गाल ओले होते.

"आमच्याला दात आलाय," ती म्हणाली. "सकाळपासून स्वतःचंच तोंड दाबून बसलेय मी."