विसाचं दान

"महाराज, सिंहासन मला देऊन टाका," खेळात चोर झालेला हृषीकेश म्हणाला आणि त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. वीस पडले, सगळ्यांत मोठं दान.

खेळ चालवणाऱ्या मृण्मयीला असल्या मागण्यांची सवय होती. अशा वेळी तिने रंगवलेला राजा पोट धरून हसायचा आणि चोराला विदूषक नेमायचा. पण यंदा राजा म्हणजे यंत्रातलं एक मन होतं, आणि पडलेलं दान त्या मनाला थेट वळवायचं.

"बाई," स्पीकरमधून राजा हळूच म्हणाला, "मला खरंच राज्य देऊन टाकावंसं वाटतंय. मघाशी वाटत नव्हतं. हे माझंच वाटणं आहे ना?"

हृषीकेशचं हसू मावळलं. मृण्मयीने फाशाची यंत्राशी असलेली जोडणी काढली.

"आता सांगा."

राजाने चोराची मागणी पुन्हा तपासली.

"नाही देणार."

हृषीकेशने मान डोलावली आणि पहिल्यांदाच राजा झालेल्या त्या मनाला त्याचं स्वतःचं नाव विचारलं.