रडवणारी जाहिरात

"चकली नको, मुरुक्कू लिही. इथे चकली कुणाला कळणार?" माझ्या बॉस, मिस लिम म्हणाल्या. क्वालालंपूरच्या ऑफिसात दिवाळीची जाहिरात माझ्या वाट्याला आली, कारण भारतातली मी एकटीच. इथे प्रत्येक सणाला कंपन्या रडवणारी जाहिरात काढतात आणि त्यात कोणीतरी घरी परततंच.

मी चकली खोडून मुरुक्कू लिहिलं. बाकी सगळं माझ्या आईचं होतं. पहिला घाणा लेकीसाठी डब्यात काढून ठेवणं, बाहेर गाडी थांबली की दाराशी जाणं. शेवटी लेक येते. वाचताना मिस लिमनी डोळे पुसले आणि मग माझी दिवाळीची रजा नाकारली. जाहिरात चालू असताना लिहिणारी जागेवर हवी म्हणे.

नरकचतुर्दशीला तीच जाहिरात फिरत फिरत साताऱ्याला पोचली आणि आईने मला पाठवली. ती मी लिहिलीय हे तिला ठाऊक नव्हतं. खाली तिने लिहिलं होतं, "बघ गं, ही बाई अगदी माझ्यासारखीच. तिची लेक आली तरी."

मी उत्तर दिलं, "जाहिरात आहे गं ती. लिहिणाऱ्याचं काय जातं?"