सोडायची खूण

दौंडच्या पोलीस लाइनीतल्या सुषमा आणि पूनम, दोघीही शिपाई. चार वर्षं झाली, रोज सकाळी शाळेच्या हॉलमध्ये गाद्या अंथरून दोघी आयकिडो या जपानी युद्धकलेचा सराव करायच्या. एकीनं धरायचं, दुसरीनं स्वतःला सोडवून घेत तिला लोळवायचं. फारच आवळलं गेलं तर गादीवर दोनदा हात आपटायचा, की धरणारीनं तिथल्या तिथं सोडायचं. ही खूण पूनमनं आजवर एकदाही चुकवली नव्हती.

त्या सकाळी सुषमाच्या गळ्यावर पाच बोटं उठलेली दिसली, तशी पूनम हातातली गादी टाकून जवळ आली.

"काल माझ्याकडनं लई आवळलं गेलं का गं?"

"तुझी न्हाईत ती बोटं. ह्यांची हायेत."

पूनम हबकलीच. "अगं, सहा फुटी गड्याला लोळवतीस तू! एक डाव टाकायचा हुता की."

सुषमा खाली बसून गादीची सुरकुती सरळ करत राहिली.

"सुचलंच न्हाई गं. सवयीनं फरशीवर दोनदा हात आपटला, आन् सोडायची वाट बघत ऱ्हायले."