विशेष काही नाही

स्वतःच्या अकरा महिन्यांच्या चिमीला आईकडे ठेवून ताई उन्हाळाभर परक्या गावात दुसऱ्यांचं बाळ सांभाळायला राहिली होती. बाळही चिमीच्याच वयाचं. एका दुपारी ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. बघते तर काय, स्वारी सोफा सोडून चार पावलं चालत आली आणि तिच्या मांडीत धपकन बसली!

संध्याकाळी मॅडम ऑफिसातून आल्या. "काय केलं आज आमच्या लबाडाने?"

"विशेष काही नाही. पण चालेल आता, आज ना उद्या. तुमचीच वाट बघतोय बहुतेक."

अर्ध्या तासात लबाड मॅडमच्या दिशेने चालत सुटला. मॅडमनी घर डोक्यावर घेतलं. "ताई, पहिलं पाऊल! तुमचं हुकलं बघा!" ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि अगदी मनापासून हळहळली.

मग तिने घरी फोन लावला. "आई, काय करते गं चिमी?"

 

"विशेष काही नाही गं. पण चालेल आता, आज ना उद्या. तुझीच वाट बघतेय बहुतेक."