लिहून देणार

भावाच्या हातात साडीची पिशवी दिसली आणि शेवंताक्काला कळायचं ते कळलं. घरातला वाटा सोडणाऱ्या बहिणीला साडी द्यायची, ही त्यांच्याकडची रीतच. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "घराच्या कागदावर सही करायचीय, आधार घेऊन ये." नवरा गेल्यापासून ती वडिलांच्या त्याच घरात राहत होती.

नोंदणी कार्यालयात कारकुनाने विचारलं, "लिहून देणार कोण?" ती मुकाट्याने उठली आणि कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसली. पाठच्या भावाशी भांडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

कारकुनाने कागद पाहिला. "मावशी, उठा. वाटा हे सोडतायत. तुम्ही घेणार."

भावाने खुर्चीत बसून यंत्रावर अंगठा टेकवला. "बाबांचं सगळं तूच केलंस, अक्का. घर तुझंच," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला.

बाहेर आल्यावर तिने डोळे पुसले. "मग ही साडी कशाला?"

"भाऊबीजेची. यंदा यायला जमलं नव्हतं ना."

तिने तिथेच घडी उलगडली, साडी खांद्यावर लावून बघितली आणि पूर्वीसारखंच त्याला झापलं, "केवढा भडक रंग आणलास रे."