कडक प्रायमर

"बाय, सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच्या काडतुसाला बुडाची ठिणगीची टोपी, प्रायमर, कडक पत्र्याचाच बसव, मऊ असला, तर चाप ओढण्याआधीच गोळी सुटेल," अब्बांनी शिकवलं होतं. ते रत्नागिरीला परतल्यावर दोहाच्या शूटिंग क्लबात काडतुसं भरायचं त्यांचं काम रुकैयाकडं आलं. उद्या सेमी-ऑटोमॅटिकची स्पर्धा होती आणि कडक प्रायमर संपले होते. क्लबाच्या कॅप्टननं मऊ प्रायमरचा डबा पुढं सरकवला. "यल्ला, भर! कुणाला कळणार?" "रायफलीला कळेल, सर," ती हळूच म्हणाली. "म्हणजे माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं?" "यातलं कळतं, सर." दारात उभी असलेली नेमबाज नूरा हसली. "खलास, बस झालं, कॅप्टन. ही म्हणेल तेच काडतूस. नाहीतर मी रायफल उचलणार नाही." रुकैयाची मान ताठ झाली. "दुसऱ्या रेंजवर कडक आहेत. असरच्या नमाजाआधी आणते, इन्शाल्ला." गुरुवारचा ऐच्छिक रोजा होता, कोरड्या ओठांनी बिस्मिल्ला म्हणत ती टळटळीत उन्हात निघाली.