हलवायचं नाही

"तासभर कुणी आत जायचं नाही," मुलाने बाथरूमचं दार ओढून घेत बजावलं. "आणि डब्याला तर हातही लावायचा नाही."

"आणि तासभर तू काय करणार?" आईने विचारलं.

"काहीच नाही. रोल जुना आहे, किती वर्षं कॅमेऱ्यात पडून होता कोण जाणे. असल्या फिल्मला पातळ औषधात बुडवायचं, एकदा हळूच हलवायचं आणि सोडून द्यायचं. जितकं कमी हलवू तितकं बरं."

"तुझ्या बाबांवरच गेलाय रोल. काही विचारलं की ढिम्म हलायचे नाहीत."

कॅमेरा बाबांचा. ते होते तोवर दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून पक्ष्यांचे फोटो काढायला जायचे. घरात पक्ष्याचा एक फोटो कधी आला नाही.

"पक्ष्यांसाठी अत्तर लावतं का गं कुणी?" आईने सुनेला विचारलं. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"आई, आता कशाला ते? बाबा गेले बिचारे."

"ते गेले. ती असेल की."

थोड्या वेळाने आईला बाथरूमला जायचं झालं. फारच घाईचं होतं. आतून कडी लागली, खट्‌कन दिवा लागला, मग प्लॅस्टिकचं काहीतरी कुरकुरलं.

मुलगा दाराशी धावला. "आई! डबा हलवतेयस?"

"छे रे! हलवतेय कुठे? उघडून बघतेय."

ती बाहेर आली तीच हात झटकत. "काही नाही त्यात. नुसती करडी पट्टी. उगाच संशय घेतला बिचाऱ्यांवर."

झाकण तिने परत लावलं होतं. उलटं.

मुलाने कपाळाला हात लावला, पण उरलेली औषधं घातली. शेवटी फिल्म बाहेर आली ती डांबरासारखी काळीकुट्ट. फक्त अगदी आतल्या वेढ्यात, जिथे उजेड पोचला नव्हता, तिथे एक फोटो वाचला होता.

तिघं खिडकीशी गेली. मुलाने पट्टी उजेडात धरली. एक पाठमोरी बाई. हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कुत्रा.

"केस पांढरे आहेत की!" आईचा चेहरा खुलला. "म्हातारी आहे कुणीतरी. आली असेल मध्येच कडमडत."

"निगेटिव्ह आहे ना ती, आई," सून बोलून गेली. "सगळं उलटं दिसतं. पांढरे म्हणजे काळे."

मुलाने बायकोकडे असं काही पाहिलं की तिने जीभ चावली.

आईने पट्टी त्याच्या हातातून घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग म्हणाली, "मीच आहे ही. तेव्हा माझे केस काळेच होते."

"आई, तू कुत्रा दिसला की रस्ता बदलतेस."

"सगळं उलटं असतं ना?" आईने दोरीवरचा चिमटा काढला आणि फिल्म नीट वाळत घातली. "मग कुत्रा दिसतोय, म्हणजे नव्हता."